काच पूर्ण खाली

बटण. शर्टाचं, पोटावरचं, खालून दुसरं. बाकीची सगळी एका रंगाच्या दोऱ्यानं लावलेली आणि हे एकच निळ्या दोऱ्यानं, तेही घाईत, कसेबसे टाके घालून — स्वतःच लावलं असणार, सकाळी ड्यूटीवर निघता निघता, शर्ट अंगातच ठेवून… ती त्या निळ्या दोऱ्याकडे बघत राहिली. या गाडीत बसलं की पोलीस एवढाच दिसतो. पट्टा, पोट आणि दोन-तीन बटणं. चेहरा बघायचा तर मान मोडेस्तोवर वर करावी लागते, आणि ती करायची नाही असं तिनंच ठरवलं होतं. ‘बटणाकडे बघायचं,’ तिनं नवऱ्याला बजावलं होतं, ‘बटणाशी कुणाला भांडता येत नाही.’ ‘मला येईल,’ तो म्हणाला होता.

पण आज स्टिअरिंगवर हात तिचे होते. तो शेजारी बसला होता, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवून, शाळेच्या फोटोला बसवल्यासारखा. आणि तिचे डोळे बटणावर असले तरी कान त्याच्याकडे होता. त्याच्या श्वासाकडे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा एक कान कायमचा तिकडेच असतो, कणीक मळताना, ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकताना, झोपेतसुद्धा. आत्ता श्वास ठीक होता. जरा उथळ… की तिला तसा वाटला?

“लायसन्स,” वरून आवाज आला.

मागच्या वेळीही असंच झालं होतं. हीच पिवळी गाडी, असाच कुणी एक पोलीस, रस्ता तेवढा दुसरा. ती तेव्हा गाडीत नव्हती. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं, थोडं नवऱ्याकडून आणि बरंचसं त्या पोलिसाकडून, जो बिचारा नंतर हॉस्पिटलच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला होता. काच अर्धीच खाली केली म्हणे नवऱ्यानं. इंजिन चालूच. ‘पिवळं दिसलं की थांबवायचं, एवढंच शिकवतात का तुम्हाला?’ आणि मग दार उघडून बाहेर… आता या गाडीतून बाहेर पडणं म्हणजे साधं उतरणं नव्हे. जमिनीला टेकलेली गाडी. आधी गुडघे बाहेर, मग डोकं, मग सगळं अंग एकदम उसळून वर. समोरच्याला वाटावं, हा आता अंगावर येतोय. पोलीस मागे सरला, आवाज चढले, यानं गाडीच्या टपावर थाप मारली, आणि दुसरी थाप मारायला उचललेला हात तसाच छातीवर गेला. ज्याच्याशी भांडत होता त्यानंच त्याला उचलून आपल्या गाडीत घातलं आणि सायरन वाजवत नेलं. बाकावर बसून तो पोलीस तिला पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘ताई, मी काही बोललो नाही हो त्यांना. मी फक्त कागद मागितले.’

कागदच मागितले असणार. तिला ठाऊक होतं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. सगळं आयुष्य उघड्या तोंडांशी बोलण्यात गेलेलं. समोरचा ‘आँ’ याशिवाय काही म्हणूच शकत नाही, तेव्हा हा राजकारण बोलतो, हवापाणी बोलतो, शेवटी स्वतःच हो म्हणतो. उलट उत्तर ऐकायची सवयच नाही त्याला. तिचं नेमकं उलट. ती विजेच्या कंपनीत तक्रारीच्या खिडकीमागे बसते. लोक येतात, काउंटरवर मुठी आपटतात, तिच्या सात पिढ्यांचं वाटोळं चिंततात, आणि ती म्हणते, ‘तुमची अडचण माझ्या लक्षात आली.’ आवाज एका पट्टीत. ऑफिसात तिला बर्फाची लादी म्हणतात, आणि तिला ते आवडतंही.

“पर्समध्ये आहे,” ती त्याच पट्टीत म्हणाली. “पर्स माझ्या पायाशी आहे. वाकून काढते.”

“काढा.”

ती वाकली. हळू. पर्स उघडताना बोटं थरथरली नाहीत याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच भीतीही वाटली, कारण अजून काहीच संपलं नव्हतं. इतकं सगळं नीट पार पडत आलं होतं आज. सकाळी दवाखाना, तपासणी, आणि ते मोठे डॉक्टर, चष्मा कपाळावर ढकलून हसत म्हणालेले, ‘छान चाललंय हृदय. चाला, जिने चढा, पुढच्या महिन्यापासून गाडीही चालवा. फक्त डोक्याला ताप करून घेऊ नका.’ जेवणात मीठ कमी घाला म्हणावं तितक्या सहज. नवरा त्यांचा हात धरून हलवत राहिला होता. ती मात्र खुर्चीतून उठताना पर्सचा बंद शोधत होती, आणि तो खांद्यावरच होता. सुटलो, असं तिच्या कानांनी ऐकलं होतं. अंगाला अजून ते कळलं नव्हतं. आणि परतीच्या वाटेवर, घर जवळ आलेलं असताना, आरशात तो फिरता दिवा.

तालीम मात्र झालेली होती. तो घरी आल्यावर, जरा हिंडाफिरायला लागल्यावर तिनंच सुरू केली. स्वयंपाकघरात मुलीच्या लहानपणची बुटकी खुर्ची — गाडी तेवढीच बुटकी, म्हणून. तो खुर्चीत, गुडघे हनुवटीशी, हातात ताट. ताट म्हणजे स्टिअरिंग. ती समोर उभी, म्हणजे पोलीस. ‘मागे दिवा दिसला की काय करायचं?’ ‘पळायचं.’ ‘नीट सांग.’ ‘सिग्नल द्यायचा. हळूहळू कडेला घ्यायची. करकचून ब्रेक नाही.’ ‘मग?’ ‘इंजिन बंद. काच पूर्ण खाली. हात स्टिअरिंगवर, त्याला दिसतील असे.’ ‘आणि?’ ‘आणि गप्प.’ ‘गप्प नाही. विचारेल तेवढंच बोलायचं. कागद कुठे आहेत ते आधी सांगायचं आणि मगच हात घालायचा. उतरा म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. मी कोण आहे माहितेय का, हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पावती फाडली तर घ्यायची, वाद घालायचा तो नंतर, अर्ज करून.’ ‘श्वास घेऊ का?’ ‘विचारून घे.’

शेवटचा नियम त्याला सगळ्यात अवघड जायचा. पोलीस मागे वळून आपल्या गाडीत बसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. साध्या गाडीला हा नियम लागत नाही. पण ही गाडी सुरू होतानाच एकदा मोठ्यानं गुरगुरते, चालवणाऱ्याच्या मनात असो वा नसो. कंपनीनंच तशी बनवली आहे, शौकिनांसाठी. आणि नुकता समज देऊन वळलेल्या माणसाच्या पाठीवर तो आवाज पडला तर तो काय समजणार? की गेलास उडत. ‘पण ती गाडी गुरगुरते, मी नाही,’ तो म्हणायचा. ‘ते त्याला कुठे माहितेय?’ ती म्हणायची.

पोलीस म्हणून ती फार चांगली निघाली. तिचं तिलाच नवल वाटलं. आधी नुसतं लायसन्स मागायची, मग हळूहळू पोलिसाला कंठ फुटला. ‘काय हो डॉक्टर, या वयात असली गाडी? घरच्यांना विचारलं होतं का?’ ‘नाही साहेब.’ ‘का नाही विचारलं?’ ‘चुकलं साहेब.’ ‘दोनच सीट. मुलगी-जावई आले तर त्यांना काय टपावर बसवणार?’ ‘नाही साहेब.’ ‘आणि उद्या तुम्हाला काही झालं तर बायकोनं काय करायचं?’ तो मान खाली घालून ताट धरून बसलेला, अगदी नियमाप्रमाणे, आणि ती वर उभी… आणि एकाएकी ‘झालं आजचं,’ असं म्हणून तिनं त्याच्या हातून ताट काढून घेतलं आणि घासायला लागली. ते स्वच्छच होतं.

कारण बायकोला बोलायची सोय नव्हती. पोलिसाला होती. तो हॉस्पिटलातून आल्यापासून घरात कुणी आवाज चढवला नव्हता. दारं हातानं धरून लावायची, भांडं पडलं तर जिवाचा थरकाप, टीव्हीवर सामना रंगात आला की चॅनल बदल. मुलगी फोनवर रोज म्हणायची, ‘आई, विकून टाक ती गाडी.’ आणि ती म्हणायची, ‘बघू.’ विकायची नव्हती तिला. माणूस हॉस्पिटलात असताना त्याचे कपडे वाटून टाकावेत तसं वाटायचं ते. पण त्या गाडीचा राग? तो कुठे जाणार होता? न विचारता आणलेली गाडी, एका दुपारी हॉर्न वाजवून ‘खाली ये’ म्हणाला, बस्स. रागवायचं ती तेव्हा पुढे ढकलत राहिली आणि मग रागवायची वेळच निघून गेली. आता रागवलं आणि त्याचा हात छातीकडे गेला तर? मी तर मेलेच मग.

लायसन्स वर गेलं. बटणापलीकडे कुठेतरी ते वाचलं जात होतं. रस्त्यावरून जाणारे लोक वळून बघत होते. पिवळ्या गाडीला पोलिसानं धरलेलं बघायला कुणाला आवडत नाही.

“साहेब, गाडी तुमची का?” प्रश्न टपावरून पलीकडे गेला, तिच्या डोक्यावरून.

“हो,” नवरा म्हणाला.

“मग तुम्ही का नाही चालवत?”

“डॉक्टरांनी तूर्त नको म्हटलंय.”

“हं. आणि मॅडमना झेपते का ही?”

आता, ती मनात म्हणाली. आता हा बोलणार. शेजारचे पंजे गुडघ्यांवरच होते. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात, आणि तिकडे बघायची तिला इतकी सवय झाली होती की मान न वळवताही… नेहमीचाच आकडा.

“स्पीड किती होता, कल्पना आहे का साहेब?”

“मर्यादेच्या आत होता,” ती म्हणाली. “पाटी दिसल्यावर मी आणखी कमी केला.”

“मॅडम, मी साहेबांना विचारतोय.” आवाज उद्धट नव्हता. कंटाळलेला होता, उन्हात उभं राहून राहून आलेला कंटाळा. “साहेब, आवाज दुरून येतो हो या गाडीचा, पुढे शाळा आहे. आणि राग नका मानू, पण खरं सांगू का? या वयात असली गाडी घेऊच नये माणसानं. घरच्यांना विचारलं होतं का?”

तिचंच वाक्य. स्वयंपाकघरातलं, बुटक्या खुर्चीसमोरचं, शब्द न् शब्द. ते आता बाहेरून, परक्या तोंडून, तिच्या नवऱ्यावर पडत होतं.

“त्यांना नका विचारू,” ती म्हणाली. एका पट्टीत म्हणणार होती. पण पट्टी सापडलीच नाही. “मला विचारा! गाडी मी चालवतेय, लायसन्स माझं, समोर बसलेय ती मी. मी काय दिसत नाही का तुम्हाला? या वयात म्हणजे काय? कुठल्या वयात घ्यायची मग? लोकांचे दात उपटून उपटून पाठ मोडली त्या माणसाची, घेतली एक गाडी. घेतली! घरच्यांना विचारलं होतं का, ते घरचे बघून घेतील. तुम्ही कोण?”

हे आपण बोलतोय? हात केव्हाच स्टिअरिंगवरून सुटला होता आणि एक बोट, तिचंच, काचेबाहेर जाऊन त्या निळ्या दोऱ्यावर रोखलेलं होतं. बटण दोन पावलं मागे गेलं. मागे गेल्यावर त्याच्या वर मान दिसली, दाढी करताना कापलेली हनुवटी, आणि एक दमलेला, चमकलेला चेहरा. आवाज तिचा आताच्या आता थांबायला हवा होता. तो थांबला, पण संपल्यामुळे थांबला. सगळं बाहेर पडलं होतं.

“मॅडम,” चेहरा म्हणाला, “हात आत घ्या.”

तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. नवऱ्याचा पंजा, कोमट, कोरडा. त्यानं तिचा हात आत आणला, एखाद्या पेशंटची हनुवटी वळवतो तसा, घाई न करता, आणि स्टिअरिंगवर नेऊन ठेवला. वर. दिसेल असा.

“साहेब,” तो म्हणाला, आणि आवाज तिचा होता, तक्रारीच्या खिडकीमागचा, “आम्ही दवाखान्यातून येतोय. जरा दगदग झालीय तिची. गाडीचे कागद समोरच्या कप्प्यात आहेत. मी कप्पा उघडू का?”

“…उघडा.”

“उघडतोय.”

त्यानं कप्पा उघडला. तिच्यासमोरून कागद बाहेर गेले. ती त्याच्याकडे बघत होती, आता उघडउघड, मान वळवून. एवढी ओरडले मी. त्याच्या कानापासून हातभर अंतरावर, एवढ्याशा डबीत, काच खाली असली म्हणून काय झालं… एवढी ओरडले आणि हा बसलाय. कागद देतोय. ओठांच्या कडेला हसू दाबतोय, मेला. धडधडत होतं ते तिच्याच छातीत, मानेत, कानांच्या पाळ्यांत. त्याचं त्याच्या जागी शांत चाललेलं होतं, दुरुस्त करून मिळालेलं, मोठ्या डॉक्टरांनी छान म्हटलेलं. छान म्हणजे छान. सकाळी ऐकलेलं ते वाक्य आत्ता कुठे तिच्या अंगापर्यंत येऊन पोचलं, आणि पोचलं तसे तिचे खांदे आपोआप खाली आले. ते इतके दिवस वर होते हेच तिला माहीत नव्हतं. बरं वाटत होतं. भर रस्त्यात, पोलिसासमोर, चूक आपली असताना, लाज वाटायला हवी होती तिथे तिला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं.

पोलिसानं कागद चाळले. मग तो वाकला. पहिल्यांदाच वाकला, आणि चेहरा काचेशी आला. तिच्या जावयाएवढा असेल. “मॅडम, तुमचं लायसन्स,” तो म्हणाला आणि ते तिच्या हातात दिलं, तिच्याच. “सायलेन्सर कंपनीचाच आहे ना?”

“कंपनीचाच आहे,” ती म्हणाली. “आवाज चढला माझा. माफ करा.”

“असू द्या.” त्यानं गाडीचे कागदही परत दिले. “शाळेपाशी हळू घ्या. निघा.”

तो उभा राहिला. ती बसून राहिली. तो जाईना, आणि ही गाडी सुरू करीना. मागून वाहनं जात होती. त्याचा पट्टा काचेच्या चौकटीत तसाच.

“निघा, मॅडम.”

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली.

“मी? का?”

“साहेब,” शेजारून नवरा म्हणाला, फार गंभीरपणे, “ही सुरू होताना एकदा ओरडते. आमची काही इच्छा नसते. तुम्ही पाठ फिरवली आणि ती ओरडली तर बरं दिसत नाही. म्हणून आमच्यात नियम आहे, की तुम्ही गाडीत बसल्याशिवाय सुरू करायची नाही.”

पोलीस म्हणाला, “मग मी इथेच थांबतो. ओरडू दे. ऐकू तरी, एवढं काय आहे ते.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नियमात हे नव्हतं. त्यानं खांदे उडवले. तिनं स्टार्टचं बटण दाबलं, आणि पाठीमागे इंजिन ओरडलं, भरदार, निर्लज्ज, पलीकडच्या फुटपाथवरचं कबुतर उडालं, आणि टपावरून ऐकू आलं, “बाप रे.”

शाळेपाशी तिनं गाडी अगदी हळू घेतली. तिनं सवयीनं वाट पाहिली… श्वासाची, खोकल्याची, हात कुठे जातो याची. मग आपण वाट पाहतोय हे तिला कळलं, आणि ते सोडून देता येतंय का हे तिनं करून पाहिलं. थोडा वेळ जमलं. पुन्हा ऐकायला लागली. पुन्हा सोडलं.

“पोलीस होतीस तेव्हा जास्त बरी बोलायचीस,” नवरा म्हणाला.

ती हसली. पोटातून आलं हसू, गाडी जरा हलली इतकं. “तू फार शहाणा झालायस,” ती म्हणाली. “उघडू का म्हणे. उघडतोय म्हणे.”

“शिकवणी कडक होती.”

पुढे सिग्नल लाल होता. तिनं गाडी अलगद थांबवली. शेजारच्या गाडीतलं एक पोर नाक काचेला लावून पिवळ्या रंगाकडे बघत होतं. ती समोर बघत होती. तोंडात वाक्य तयार होतं. कधीचं तयार होतं, पण ते नेहमी पोलिसाच्या आवाजात यायचं, साहेब-साहेब करत, ताटासमोर. आत्ता ते तसं येईना. आणि आता पुढे काय होईल ते होईल, असं काहीतरी…

“मला न विचारता आणलीस तू ही,” ती म्हणाली.

तो ‘चुकलं’ म्हणेल असं तिला वाटलं, आणि म्हणू नये असंही वाटलं.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.”

“मग? म्हणूनच नाही विचारलं.”

“हे उत्तर झालं?”

“अगं, झालं म्हणजे काय, तेच उत्तर आहे.” त्याचाही आवाज चढला होता, थोडासा, जुना, दवाखान्यातला, आपलंच खरं करणारा. “प्रत्येक गोष्ट विचारून केली असती ना, तर आयुष्यात एक गोष्ट झाली नसती माझ्या हातून.”

“कुठली झाली? सांग ना. एक सांग.”

“दवाखाना काढला, तो काय तुझ्या—”

“माझे वडील जामीन राहिले म्हणून काढलास.”

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. तो तावातावानं काहीतरी सांगत होता, हातवारे करत, साफ चुकीचं, एकही तारीख धड नाही, आणि ती त्याला मध्येच तोडायला तोंड उघडून बसली होती. घरी गेल्यावर या गाडीचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. रात्री पुन्हा त्याचा श्वास ऐकत जागी राहणार का, तेही नाही. पण मला राग आलाय, ती स्वतःशीच म्हणाली, माझा, घरचा, चांगला खणखणीत राग, आणि तो ऐकून घ्यायला हा बसलाय. तिनं गिअर टाकला आणि घराकडचं वळण सोडून सरळ निघाली, कारण घर फारच जवळ होतं आणि तिचं बोलणं अजून सुरूही झालं नव्हतं.